खिडकीकडे तोंड करून

माणसाला स्वतःबद्दलची बातमी भिंतीवर वाचून कळावी, यापरती फजिती नाही. चित्रकारिणीची ती झाली, आणि तीही आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या प्रदर्शनात. चित्रं टांगून झाली होती, टांगणारे शिड्या आवरत होते, आणि ही बाई लांबून कसं दिसतंय ते बघायला मागे सरकत सरकत समोरच्या भिंतीपर्यंत गेली. वळून बघते तर भिंतीवर काळ्या अक्षरांत मजकूर चिकटवलेला, आणि मजकुराच्या डोक्यावर तिचंच नाव.

मजकूर असा होता: "ही क्वीअर चित्रकार आपल्या प्रेयसीचा चेहरा कधीच दाखवत नाही. समाजाच्या ओझ्याखाली वाकलेली मान, जगाकडे फिरवलेली पाठ, आणि टेबलावर विखुरलेल्या शुभ्र कळ्या, जणू कधीच न उच्चारलेले शब्द. लपवाव्या लागलेल्या प्रेमाचा हा दस्तऐवज आहे."

तिनं तो पुन्हा वाचला. तिला आधी एकच प्रश्न पडला, की कळ्या कुठून आल्या? तिनं जन्मात कधी कळी काढली नव्हती. फुलंपानं तिला जमतच नसत. मग ती चित्राजवळ गेली, वाकून बघितलं, आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, ते दात होते.

आता हे दात कुठून आले ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही कळ्याच समजाल. चित्रकारीण जिच्याबरोबर राहायची ती बाई कवळ्या करायची. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवायचे आणि ही मेणात एकेक दात बसवून, घासून, काढून, पुन्हा बसवून बोळक्या तोंडांची सोय लावायची. गल्लीत लहानथोर सगळे तिला कवळीताई म्हणत. ज्यांचे दात अजून शाबूत होते तेसुद्धा, आज ना उद्या आपल्यालाही हिच्याच दारात यायचंय, अशा बेतानं तिच्याशी अदबीनं वागत.

घरात कामाची खोली एकच, आणि त्या खोलीला खिडकीही एकच. कवळीताईला खिडकी हवीच, कारण दिव्याच्या उजेडात सगळे दात सारखेच पांढरे दिसतात. पिवळसर कुठला, करडा कुठला, कुठला कुणाच्या रंगाला शोभेल, हे दिवसाच्या उजेडातच कळतं. चित्रकारिणीलाही खिडकी हवीच, त्याचं कारण सांगायला नको. पण घर चालायचं कवळ्यांवर. चित्रांनी फार तर रंगांचा खर्च निघायचा, तोही निघाला तर. तेव्हा खिडकीला लागून टेबल कवळीताईचं, आणि तिच्या मागे, उरलासुरला उजेड जिथं पडेल तिथं, चित्रकारिणीचं ईझल. मान वर केली की समोर जे दिसायचं ते हिनं काढलं: खिडकी, आणि खिडकीकडे तोंड करून बसलेली कवळीताई. वर्षानुवर्षं तेच. चित्रांची नावंसुद्धा 'खिडकी एक', 'खिडकी दोन' अशी. कल्पनाशक्तीच्या नावानं बोंब, असं कवळीताई म्हणायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

तर, समाजाचं ओझं कसलं आणि काय. मान वाकलेली असायची ती दाढ नीट बसली का ते बघायला.

मजकूर खोटा होता. सरळ जायचं, प्रदर्शन मांडणाऱ्या आणि हा मजकूर लिहिणाऱ्या क्युरेटरबाईंना सांगायचं, एवढं काढा, आणि मोकळं व्हायचं. दोन मिनिटांचं काम. पण चित्रकारिणीचे पाय जागेवरून हलेनात, आणि त्याचं कारण होतं एक जुनं लग्न.

लग्न कवळीताईच्या भाचीचं. तिथं कवळीताईची आत्या आली होती. ही आत्या म्हणजे भल्याभल्यांची भंबेरी उडवणारी बाई. तिनं भर गर्दीत चित्रकारिणीकडे हनुवटी उडवून विचारलं, की ही कोण? कवळीताईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. काय सांगणार होती ते तिचं तिलाच ठाऊक. त्याआधीच चित्रकारीण बोलून गेली, की मी यांची भाडेकरू. वर 'यांची' म्हणाली. आत्याचं समाधान झालं, ती पुढच्या सावजाकडे वळली. पुढे कितीतरी दिवस कवळीताई सकाळी उठून विचारायची, भाडेकरूबाई, चहा घेणार का? हसत विचारायची. त्या हसण्यानं चित्रकारिणीच्या काळजाला घरं पडायची. मग हळूहळू ते विचारणं थांबलं. विषय पुन्हा निघाला नाही, पण घरातून गेलाही नाही.

आणि आता पुन्हा आपणच जाऊन सांगायचं, की 'प्रेयसी' पुसा, 'क्वीअर' पुसा? कवळीताईला कळल्यावाचून राहणार नाही, आणि कळलं की ती एकच अर्थ लावणार, बाईसाहेब दुसऱ्यांदा माझ्या भाडेकरू झाल्या. बरं, मजकूर तसाच ठेवावा, तर इतक्या वर्षांच्या कामावर 'लपवलेलं प्रेम' असा शिक्का बसणार, आणि तो कवळीताई स्वतःच्या डोळ्यांनी वाचणार. इकडे आड, तिकडे विहीर. चित्रकारीण कुणाला काही न बोलता घरी आली.

घरी कवळीताईनं उद्घाटनाचे कपडे इस्त्री करून दाराच्या खुंटीला लावले होते. तिनं जाहीर करून टाकलं, की उद्घाटनाला तिची सगळी गिऱ्हाइकं येणार, तेव्हा धड काही बघता येणार नाही, म्हणून उद्या सकाळी डॉक्टरांकडे माल पोचवता पोचवता ती निवांत चित्रं बघून घेणार. झालं. चित्रकारिणीनं थापा मारायला सुरुवात केली. भिंतींना ताज्या रंगाचा वास आहे, तुझं डोकं चढेल. दिवे अजून लागले नाहीत. शिड्या आडव्यातिडव्या पडल्यात, एखादी अंगावर यायची. थापा मारण्याचा सराव नसला की माणूस गरजेपेक्षा जास्त मारतो. कवळीताईनं सगळ्या ऐकून घेतल्या आणि म्हणाली, "बरं." तिच्या 'बरं'चा नेमका अर्थ काय, हे इतक्या वर्षांच्या संसारातही चित्रकारिणीला उलगडलेलं नव्हतं.

सकाळी दालनाचं कुलूप उघडायच्या आत चित्रकारीण दारात हजर.

क्युरेटरबाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय व्हायचा. हे दालन मिळवायला त्यांनी वरच्या लोकांच्या दारात चपला झिजवल्या होत्या. दालनाच्या दारावर 'क्वीअर कला' ही अक्षरं लागावीत म्हणून किती जणांची बोलणी खाल्ली होती. अशा बाईला जाऊन तुमचं लिहिणं खोटं आहे म्हणायचं, तर जीभ जड होणारच. चित्रकारिणीनं म्हणून दातांपासून सुरुवात केली.

ते कवळीचे दात आहेत हे ऐकून क्युरेटरबाईंचा चेहरा पडला. पण बाई शिकलेल्या, लगेच सावरल्या. म्हणाल्या, चित्रात काय आहे ते सगळं चित्रकाराला कळतंच असं नाही, अर्थ बघणाऱ्याचा असतो. चित्रकारीण म्हणाली, असेल बाई, पण निदान दातांना दात तरी म्हणा. मग मुद्दा कळ्यांवरून पाठीवर गेला आणि पाठीवरून 'क्वीअर' या शब्दावर. चित्रकारीण म्हणाली, मी खिडकी काढते, उजेड काढते, काम करणारं माणूस काढते. बाकीचे चित्रकार आपापल्या बायकांची चित्रं काढतात, तेव्हा त्यांच्या शेजारी कुणी 'बायको असलेला चित्रकार' असं लिहितं का? क्युरेटरबाई शांतपणे म्हणाल्या, नाही लिहीत, कारण त्यांना ती गरज कधी पडलीच नाही. कुणी त्यांचं घर नाकारलं नाही. आपल्याला मात्र ते लिहूनच सांगावं लागतं, नाहीतर लोक म्हणतील दोन मैत्रिणी आहेत, आणि पुढच्या चित्राकडे जातील.

चित्रकारिणीनं मान खाली घातली. कारण ते खरं होतं. मैत्रिणीच काय, तिनं स्वतः त्याहून हलकं बिरूद लावून घेतलं होतं.

ते बघून क्युरेटरबाई मायेनं म्हणाल्या, की तुम्ही इतक्या घाबरलात, यातच सगळं आलं. तुम्हाला लपवायचं आहे, आणि चित्रंही तेच सांगतात. आता बोला. नाही म्हणावं तर लपवणारी, हो म्हणावं तरी लपवणारी. चित्रकारीण हात चोळत उभी राहिली, आणि तेवढ्यात तिच्या मागून कुणीतरी म्हणालं, की वास तर काहीच येत नाहीये रंगाचा.

दारात कवळीताई उभी होती. हातात कवळ्यांचा डबा.

कवळीताईनं क्युरेटरबाईंना नमस्कार केला, डबा एका स्टुलावर ठेवला, चष्मा लावला आणि थेट त्या मजकुरापाशी गेली. साचा तपासावा तशी ती तो सावकाश वाचत होती. मग एकेका चित्रापुढे जाऊन उभी राहिली. एका चित्रापुढे म्हणाली, या दिवशी माझी कंबर धरली होती, बघ ना, उशी घेऊन बसलेय. दुसऱ्यापुढे म्हणाली, या कवळीनं माझा जीव खाल्ला होता, रंग जुळता जुळेना. तिसऱ्यापुढे नुसतीच हसली. चित्रकारिणीला वाटलं, सुटले, ही हसण्यावारी नेतेय. तोच कवळीताईनं चष्मा काढला.

"तुला माझा चेहरा कधी काढावासा वाटला नाही?"

चित्रकारीण घाईघाईनं म्हणाली, ते जे लिहिलंय ते सगळं खोटं आहे, तेच काढायला सांगायला मी आले.

"ते खोटं आहे हे मला कळतं," कवळीताई म्हणाली. "पण मी विचारतेय ते खरं सांग."

क्युरेटरबाई शहाण्या, त्या लांबच्या कोपऱ्यातला दिवा बघायला निघून गेल्या. चित्रकारीण उभी राहिली. आपण काय आणि कसं बोलावं याची तिनं आयुष्यभर उगीचच काळजी केली होती, असं तिला नंतर वाटलं, कारण खरं सांगायला काहीच जुळवावं लागलं नाही.

"समोरून काढायचं तर मला खिडकीत बसावं लागेल. म्हणजे तुझा उजेड अडणार, तुझं काम थांबणार. पहिल्या वर्षी एकदा बसून बघितलं होतं. तुला आठवत नसेल. पण ते एक झालं. खरं सांगू का, तू समोर आलीस की माझ्यानं चित्र होत नाही. मी तुझ्याकडे बघत बसते. बोलत बसते. तुझा चेहरा मी कामासाठी ठेवलेलाच नाही गं, तो मला नुसता हवा असतो."

कवळीताई ऐकत होती. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

आता तोंड उघडलंच आहे म्हटल्यावर चित्रकारिणीनं उरलेलंही ओतून टाकलं. कालच वाचलं होतं, पण काढायला सांगितलं तर तुला वाटेल मी पुन्हा तेच करतेय, त्या लग्नासारखं, म्हणून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि त्या थापाही त्याचसाठी. कवळीताईनं कपाळाला हात लावला. म्हणाली, मला वाटलं चित्रं वाईट लागली आहेत म्हणून तू येऊ देत नाहीस. मग मजकुराकडे बोट करून म्हणाली, "भिंतीवर लिहिलेलं घेऊन मी काय करू? मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. चारचौघांत. एकदाच."

चित्रकारिणीनं मान डोलावली. आणि गंमत बघा, ही एवढी भित्री बाई, पण तिला त्या क्षणी भीती वाटली नाही. तिचा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपल्या हातून काहीतरी असं मोडलंय जे सांधता येणार नाही, आणि समोरच्या माणसाचं मागणं तर एवढंच होतं.

मग कवळीताईनंच क्युरेटरबाईंना हाक मारली. दारावरचा शब्द तसाच राहू द्या, ती म्हणाली. दारावरून जाणाऱ्या एखाद्या पोरीला तो वाचायची गरज असेल, आम्हाला त्या वयात कुणी असं लिहून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. चित्रकारीणही म्हणाली, शब्दाशी माझं भांडण नाही, या दारातून मी ताठ मानेनं आत येईन. पण चित्रांबद्दल चित्रातलंच लिहा. तिथं जे नाही ते लिहू नका. क्युरेटरबाईंनी जरा ओठ चावला, विचार केला, आणि कुणाला बोलावण्याऐवजी स्वतःच नखानं पहिलं अक्षर सोलायला घेतलं. मग तिघींनी मिळून सोललं. चांगलं चिकटलं होतं, सहज निघत नव्हतं. 'समाजाच्या ओझ्याखाली' हे शब्द कवळीताईच्या वाट्याला आले. तिच्याकडे कामाचा चाकू होता, त्यामुळे ते सगळ्यात आधी निघाले.

शेवटच्या ओळीशी क्युरेटरबाई थांबल्या. जरा दुखावल्यासारख्या म्हणाल्या, की दातांचं चुकलं, ओझ्याचं चुकलं, मान्य. पण त्या खांद्यांत प्रेम आहे, ते काही मी मनानं घातलेलं नाही.

"ते आहे," कवळीताई म्हणाली. "ते तुम्हाला बरोबर दिसलं."

क्युरेटरबाईंचा चेहरा खुलला. त्यांनाही जरा हायसं वाटलं असावं. नव्या पाटीवर एवढंच लिहायचं ठरलं: 'कवळी करताना.' खाली चित्रकारिणीचं नाव आणि कवळीताईचंही, कारण एवढी वर्षं बसून काढली ती तिनं.

दोघी बाहेर पडल्या तेव्हा चित्रकारिणीला इतकं हलकं वाटत होतं की तिनं डबा आपल्या हातात घेतला आणि डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत अखंड बडबड केली. कवळीताईनं दोनदा सांगितलं, हळू चाल, आत कवळ्या आहेत. अर्थात, हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं. चारचौघांत, एकदाच, असं कवळीताई म्हणाली होती, आणि ते चारचौघे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होते.

चारचौघे कुठले, झुंबड उडाली. कवळीताईनं आपल्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना आवतण दिलं होतं, आणि कलेचं ज्ञान कुणाला असो नसो, आपली कवळी भिंतीवर लागली आहे म्हटल्यावर कोण घरी बसतंय? सगळे नाक काचेला लावून माझी कुठली, माझी कुठली, करत फिरत होते. एका आजींनी 'खिडकी पाच'मधली वरची कवळी आपलीच आहे असं छातीठोकपणे सांगितलं आणि पुरावा म्हणून हसून दाखवलं. दुसऱ्या आजींनी त्यावर हक्क सांगितला. क्युरेटरबाई हातात सरबताचा ग्लास घेऊन या भांडणात मध्यस्थी करत होत्या आणि इतक्या खूश होत्या की सरबत प्यायला विसरल्या.

चित्रकारीण कवळीताईच्या शेजारी उभी होती. एक म्हातारेबुवा त्यांच्यापाशी आले. हे एका बँडमध्ये कर्णा वाजवायचे. त्यांनी सगळी चित्रं निरखून बघितली होती. आता ते चित्रकारिणीला निरखून बघू लागले. या बाईंनी तुम्हाला इतकं बघून बघून काढलंय, असं कवळीताईला म्हणाले, आणि मग चित्रकारिणीकडे वळून त्यांनी मोठ्यानं विचारलं. बँडवाल्यांना हळू बोलायची सवय नसते.

"तुम्ही यांच्या कोण?"

भोवतीची चार डोकी वळली. हक्काचं भांडण थांबलं. कवळीताईनं तोंड उघडलं नाही. ती समोर बघत होती, आणि तिनं हातातल्या रुमालाची घडी उलगडून पुन्हा घातली. चित्रकारिणीचे पाय जागेवर होते आणि जीभही.

"मी हिची बायको," ती म्हणाली. "आणि ही माझी."

म्हातारेबुवांनी तोंडातल्या तोंडात जबडा हलवला. गोष्ट त्यांनी एकदा या बाजूनं चावली, एकदा त्या बाजूनं. मग एक पाऊल पुढे आले आणि, आपल्या मतानं, आवाज खाली आणला.

"मग बरं झालं तुम्ही भेटलात. माझी खालची डावीकडे टोचतेय. कर्णा वाजवता येत नाही. यांना किती वेळा सांगितलं, तर म्हणतात सवय होईल. तुम्ही जरा सांगून बघा. घरच्या माणसाचं ऐकतील."

"माझं तरी कुठं ऐकते ती," चित्रकारीण म्हणाली. "पण सांगते."

"बघू, आ करा," कवळीताई म्हणाली, आणि तेवढं म्हणतानाही तिचा आवाज फुटला.